मी सगळ्यांसाठी एवढं करते, मग स्टाफला ते दिसत कसं नाही?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि थोडक्यात देतेय.)

"मी एका विद्यापीठात कुलसचिव आहे. बावीस वर्षांपूर्वी इथेच कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि एकेक टेबल करत इथवर आले. वर पोचले तरी साहेबी करायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. माझ्या केबिनचं दार कायम उघडं असतं. कोणाचे वडील दवाखान्यात आहेत, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, मला सगळं माहीत असतं. रजा मी कधी अडवत नाही. कोणी अडचणीत येऊ नये म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा मसुदा स्वतः बघते, रात्री आठपर्यंत बसते. मध्यंतरी विद्यापीठाने वरिष्ठ प्रशासनाबद्दल कर्मचाऱ्यांचा एक निनावी सर्व्हे केला, विषय होता 'सेवाभावी नेतृत्व', आणि तोच फॉर्म आम्ही अधिकाऱ्यांनीही स्वतःबद्दल भरायचा होता. मी स्वतःला पाचपैकी साडेचार दिले. स्टाफने पावणेतीन. 'माझ्याशी माणुसकीने वागतात' याला चांगले मार्क आहेत, पण 'माझ्या सूचनेने निर्णयात फरक पडतो' आणि 'इथे काम करताना माझी वाढ होते' हे दोन अगदी तळाला. खाली एकाने लिहिलंय, 'मॅडम सगळं ऐकून घेतात, पुढे काही होत नाही.' दुसऱ्याने लिहिलंय, रजेसाठी त्यांच्याकडे जावं लागतं आणि जावंसं वाटत नाही. दोन रात्री झोप लागली नाही. फॉर्म फक्त कायम कर्मचाऱ्यांना होते, म्हणजे ज्यांना मी वर्षानुवर्षं ओळखते त्यांनीच हे लिहिलं. भाषेवरून त्यातला एक कोण ते मला जवळजवळ कळलंय. एक सहकारी म्हणतात, तुम्ही फार मऊ वागता, जरा धाक ठेवा मग किंमत कळेल. खरंच कडक व्हावं का?"

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना पूर्णपणे तुमच्या बाजूने वाईट वाटलं, कारण खालून वर आलेल्या माणसाला त्याच्याच जुन्या टेबलावरून असं ऐकू येतं तेव्हा ते किती आत लागतं याची मला कल्पना आहे. तिसऱ्यांदा वाचताना मात्र मी त्या रजेच्या वाक्यापाशी अडकले. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला वाटतं सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे येतेच.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. तो 'एक कोण' हे शोधणं आजच्या आज थांबवा. सहकाऱ्याला नाव बोलून दाखवलं असेल तर त्यालाही सांगा की तो विषय संपला. त्या माणसाने निनावी राहण्याच्या शब्दावर लिहिलंय, आणि तो शब्द त्याला विद्यापीठाने दिलाय म्हणजे एका अर्थी तुम्हीच दिलाय. तुमचा अंदाज चुकीचा असू शकतो हे तर आहेच, पण बरोबर असला तरी उद्या कॉरिडॉरमध्ये त्याच्याकडे बघण्याची तुमची नजर जराशी जरी बदलली तरी ते संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्शनना कळेल. पुढच्या सर्व्हेत मग तुम्हाला पाचपैकी पाच मिळतील, आणि निवृत्त होईपर्यंत खरं काय ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. पावणेतीन मिळाले याचा अर्थ लोक अजून तुम्हाला खरं सांगायला तयार आहेत. हे फार मोलाचं आहे हो, ते घालवू नका.

आता स्कोअरकडे. साडेचार आणि पावणेतीन यातलं अंतर बघून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं, पण असं अंतर येणं ही काही तुमच्या एकटीची गोष्ट नाही. जेम्स लॉब नावाच्या अभ्यासकाने १९९९ मध्ये संस्थांसाठी अशीच एक प्रश्नावली बनवली, त्यात तेच प्रश्न अगदी वरच्या अधिकाऱ्यांना, मधल्या पर्यवेक्षकांना आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना असे तिघांनाही विचारतात, म्हणजे कोणाला काय दिसतं ते शेजारी शेजारी ठेवता येतं. आणि अशा पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा हेच आलंय की संस्था वरून जितकी चांगली दिसते तितकी खालून दिसत नाही. यात वरचे खोटं बोलतात किंवा खालचे कृतघ्न असतात असं काही नसतं. तुम्ही स्वतःला मार्क देताना तुमचा हेतू धरून देता, कारण तो तुम्हाला आतून माहीत आहे, आणि टेबलावरच्या माणसाला तुमचा हेतू दिसायचा कुठून, त्याच्यापर्यंत पोचतं ते परत आलेली फाईल, न आलेलं उत्तर, शुक्रवारी चार वाजता आलेलं परिपत्रक.

विद्यापीठात तर हे अंतर जास्तच असतं. बहुतेक कर्मचारी कुलगुरूंना वर्षातून एखाद्या कार्यक्रमात लांबून बघतात, आणि वरचे निर्णय समित्यांमध्ये होतात, समितीला चेहरा नसतो. कुलगुरू काही वर्षांत बदलतात, स्टाफ तीस-तीस वर्षं तिथेच असतो. प्रत्येक नव्या माणसाबरोबर 'आता सगळं बदलणार' हे भाषण त्यांनी ऐकलेलं आहे आणि नंतर काय झालं तेही पाहिलेलं आहे. त्यामुळे 'सेवाभावी नेतृत्व' असं वर छापलेला फॉर्म हातात आला की आधी ते वरच्या शब्दाकडेच संशयाने बघतात. तुम्ही स्वतः लिपिक होतात, तुम्ही नसता बघितलं?

हा शब्द आला कुठून तेही थोडं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या गृहस्थांनी १९७० मध्ये एका निबंधात ही कल्पना मांडली. जवळजवळ चाळीस वर्षं एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत नोकरी केलेला माणूस, आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांची जी अस्वस्थता उसळली होती ती त्यांनी पाहिली होती. त्यांनी सेवा खरी आहे का हे ओळखायची एक कसोटी दिलीय, ती माझ्या शब्दांत अशी: ज्यांची सेवा होते ती माणसं त्यामुळे वाढतात का? जास्त निरोगी, जास्त शहाणी, जास्त मोकळी, स्वतःच्या जिवावर काम करणारी होतात का, आणि पुढे स्वतः दुसऱ्यांसाठी काही करावं असं त्यांना वाटू लागतं का? आणि सगळ्यात खाली असलेल्या माणसाचं काय, त्याचा फायदा होतो का, निदान त्याच्याकडे आहे ते तरी आणखी जात नाही ना?

ही कसोटी आता तुमच्या पत्राशेजारी ठेवून बघा. पत्रात दार उघडं आहे, रात्री आठ आहेत, मसुदे आहेत, रजा आहे, म्हणजे तुम्ही काय करता ते सगळं आहे. कसोटीत मात्र सेवा करणाऱ्याबद्दल एक शब्द नाही, सगळं समोरच्याबद्दल आहे. म्हणून तुमचं 'मी इतकं करते' आणि स्टाफचं 'मला काही मिळालं नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि माझ्या मते तुमच्याकडे तेच झालंय.

आता ती रजा.

डोळ्यांसमोर आणा. एक माणूस रजेचा अर्ज घेऊन तुमच्या उघड्या दाराशी उभा आहे. आत दोन जण आधीच बसलेत. तुम्ही प्रेमाने म्हणता, या या, काय झालं? त्या 'काय झालं' मध्ये तुमची खरी काळजी आहे, मला शंका नाही. पण त्याला आता त्या दोघांसमोर सांगावं लागतं की वडिलांना पुन्हा दाखल केलंय, किंवा घरात भांडण झालंय, किंवा काहीच झालं नाही, नुसता दमलोय. तुम्ही दोन धीराचे शब्द बोलता आणि सही करता. तो जाताना रजा घेऊन जातो आणि सोबत तुमचं ऋणही घेऊन जातो. पुढच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, जरा थांबता का आज, तर तो नाही म्हणू शकत नाही. आणि ज्याला घरचं दुःख चारचौघांत सांगता येत नाही असा एक जण तिकडे आवक-जावकच्या टेबलावर आहे, तो येतच नाही. रजा त्याच्या खात्यावर शिल्लक पडून राहते. तुम्हाला वाटतं मी कोणाची रजा अडवत नाही, आणि ते खरंच आहे, पण ती मिळते तुमच्या चांगुलपणातून. जी गोष्ट त्याची हक्काची आहे तिच्यासाठी त्याला दरवेळी तुमच्या मायेच्या दारातून जावं लागतंय.

लॉब यांनी संस्थांचे ढोबळ तीन प्रकार केलेत. एका टोकाला हुकूमशाही, दुसऱ्या टोकाला सेवाभावी, आणि मधे एक, ज्यात वरिष्ठ आईबापासारखे वागतात आणि कर्मचारी लेकरांसारखे. ताई, रागावू नका, पण तुम्ही त्यांच्या आई झाला आहात. हुकूमशाहीपेक्षा हे केव्हाही बरं, म्हणून तर माणुसकीच्या प्रश्नाला तुम्हाला चांगले मार्क आले. पण चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला ऑफिसात आई नको असते हो. त्याला आपल्या कामापुरता अधिकार हवा असतो, आणि जे नियमात आहे ते न मागता मिळायला हवं असतं. वाढीचा प्रश्न तळाला गेला तो इथेच, कारण आईच्या डोळ्यांत लेकरू कधी मोठं होतच नाही.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूनेही बोलायला हवी. बाई खुर्चीत असली की लोक तिच्याकडून माया गृहीतच धरतात, ती दिली की 'मऊ आहे' म्हणतात आणि नाही दिली की 'कडक आहे, माणुसकी नाही', हे मी फार जवळून बघितलंय. तुम्ही आई झालात त्यात तुमची एकटीची निवड नव्हती, सगळ्यांनी मिळून तुम्हाला तिथे बसवलं. पण त्यातून बाहेर यायची सुरुवात तुम्हालाच करावी लागेल.

मसुद्यांचंही तसंच. प्रत्येक पत्र तुम्ही बघता, लाल पेनाने दुरुस्त करता, कोणी अडचणीत येऊ नये म्हणून. मी स्वतः काही वर्षं एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते, तिथे आमचा प्रत्येक मसुदा वरून दुरुस्त होऊन यायचा. पहिले सहा महिने मी जीव ओतून लिहायचे. मग लक्षात आलं की कसंही लिहिलं तरी बदलून येणारच, तेव्हा जुन्या पत्राची कॉपी काढून तारीख बदलून पुढे ढकलायला लागले. वरच्यांना वाटायचं हिला जमत नाही म्हणून मला बघावं लागतं. मला वाटायचं ते बघतातच, मग मी कशाला. तुमच्याकडे रात्री आठपर्यंत जे काम उरतं त्यातलं किती काम असं तयार झालेलं आहे ते एकदा प्रामाणिकपणे बघा. आणि आठवा, तुम्ही स्वतः वाढलात त्या बावीस वर्षांत कुठेतरी कोणीतरी तुमच्या हातात तुमच्यापेक्षा मोठं टेबल दिलं असेल, चूक होऊ दिली असेल आणि ती आपल्या अंगावर घेतली असेल. आज तुमच्या हाताखाली ते कोणाला मिळतंय?

तेव्हा काही प्रकारची पत्रं ठरवून कक्ष अधिकाऱ्यांच्या सहीने जाऊ द्या. नियमात बसतं की नाही ते आधी तपासून घ्या, पण जिथे बसतं तिथे लेखी आदेश काढा, तोंडी 'बघून घ्या' म्हणू नका, कारण तोंडी दिलेला अधिकार चूक झाली की परत घेतला जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पहिली चूक होईल तेव्हा सगळं ऑफिस बघेल की मॅडम आता काय करतात. रजेचंही सेक्शनपातळीवर ठरवा. नेहमीची, शिल्लक असलेली रजा तिथेच मंजूर व्हावी, कोणी किती दिवस नाही हे सेक्शनने मिळून एका तक्त्यात लावावं, आणि तुमच्याकडे फक्त वादाची किंवा नियमाबाहेरची प्रकरणं यावीत. सुरुवातीला तुम्हाला रिकामं वाटेल, लोक केबिनमध्ये येईनासे होतील, मला त्यांचं काही कळेनासं झालं असं वाटेल. ते थोडं सहन करा.

आता 'सगळं ऐकून घेतात, पुढे काही होत नाही.' यात मला वाटतं तुमच्यावर थोडा अन्यायही झालाय. माझा अंदाज, पुढे बरंच काही होतं. तुम्ही विषय वर नेता, वित्त समितीत तो अडतो, किंवा ऑडिटचा जुना आक्षेप निघतो, किंवा कुलगुरू म्हणतात पुढच्या वर्षी बघू. मग तुम्हाला वाईट वाटतं आणि 'नाही झालं' हे सांगायला तुम्ही त्या माणसाकडे जात नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने मनातलं सांगितलं, तुम्ही मान हलवली, आणि नंतर चार महिने शांतता. ऐकून घेऊन गप्प राहणं हे न ऐकण्यापेक्षा जास्त लागतं, कारण न ऐकणाऱ्याकडून माणूस आशा तरी ठेवत नाही.

त्यावर उपाय साधा आहे पण चिकाटीचा आहे. एक रजिस्टर ठेवा, कागदाचं असो की कॉम्प्युटरवरची शीट, पण सगळ्यांना उघडून बघता येईल असं. कोणत्या सेक्शनने काय मागितलं, कधी, आता ते कोणाकडे आहे, आणि काय ठरलं. पंधरा दिवसांत प्रत्येक नोंदीपुढे काहीतरी लिहिलेलं असलंच पाहिजे, 'झालं' किंवा 'नाही, आणि कारण हे' किंवा 'अमुक समितीपुढे आहे, बैठक या तारखेला.' नकार लिहायला घाबरू नका. कारणासकट मिळालेला नकार लोक पचवतात. आणि तुमच्या हातात काय नाही हेही त्यांना या निमित्ताने कळेल, आत्ता त्यांना वाटतं कुलसचिवांच्या सहीने सगळं होतं, मग करत का नाहीत? वैयक्तिक तक्रारी मात्र या रजिस्टरमध्ये घेऊ नका, त्या वेगळ्या आणि गुप्तच ठेवाव्यात.

माझ्या परीक्षा विभागातल्या दिवसांत एक अधिकारी होते. हसायचे नाहीत, कोणाच्या घरची चौकशी करायचे नाहीत, दारही बंद असायचं. एकदा निकालाचं काम चालू असताना वरून निरोप आला की सोमवारी निकाल लागलाच पाहिजे, आणि पुनर्तपासणीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अजून टेबलांवर होते. त्यांनी आमच्यातल्या दोघींना बोलवून एवढंच विचारलं की चूक न होता किती दिवस लागतील. आम्ही म्हटलं आठ. ते फाईल घेऊन वर गेले, तासाभराने खाली आले आणि म्हणाले आठ दिवस मिळालेत, नवव्या दिवशी मला कारण चालणार नाही. फाईलवर त्यांनी विलंबाची जबाबदारी स्वतःच्या नावावर लिहिलेली आम्ही नंतर बघितली. त्या आठ दिवसांत एकही जण वेळेआधी घरी गेला नाही आणि कोणी तसं सांगितलंही नव्हतं. आम्हाला त्या वेळी कोणी हा सर्व्हे दिला असता तर त्या न हसणाऱ्या माणसाला आम्ही भरभरून मार्क दिले असते.

मी काय म्हणते ते लक्षात आलं असेल. तुमचा स्टाफ तुमचं वागणं खाली बघतोच, पण त्याहून जास्त तो हे बघतो की वर गेल्यावर तुम्ही त्याच्यासाठी काय बोलता. तुम्ही कधी कुलगुरूंना 'हे या मुदतीत होणार नाही' म्हणालात का? म्हणाला असाल तर ते त्यांना कळलं का? सेवाभावी नेतृत्व मोजायची २०११ सालची एक प्रश्नावली आहे, व्हॅन डीरेनडॉन्क आणि नाइतेन या दोन अभ्यासकांची. तिच्यात आठ गुण धरलेत, त्यात नम्रता आहे, श्रेय दुसऱ्याला देऊन मागे उभं राहणं आहे, आणि धैर्यही आहे. शिवाय माणसाला त्याच्या कामासाठी जबाबदार धरणं हाही एक गुण आहे.

म्हणजे आपण कडक व्हायच्या प्रश्नावर आलो. तुमच्या सहकाऱ्याला जो धाक म्हणायचाय त्याने काही होणार नाही, लोक फक्त जास्त गप्प बसतील. पण मऊ वागण्याबद्दल त्यांचं निरीक्षण अगदीच चुकीचं नसावं. मी अंदाजाने विचारते, तुमच्याकडे एखादा असा आहे का जो रोज उशिरा येतो, ज्याची कामं शेजारचा टेबलवाला निमूटपणे करतो, आणि तुम्ही त्याच्या घरची परिस्थिती माहीत असल्यामुळे त्याला काही बोलत नाही? बहुतेक ऑफिसात असतो. तुम्ही त्याच्यावर दया केलीत पण तिची किंमत शेजारचा माणूस रोज भरतोय, आणि त्याला कोणी विचारलेलं नाही. त्या पावणेतीनमध्ये या शेजारच्या माणसाचे मार्क असणार. उशिरा येणाऱ्याला बोलवा, एकट्याला, आवाज न चढवता, त्याची अडचण खरी असेल तर नियमात बसणारी सवलत लेखी द्या म्हणजे इतरांनाही ती कळेल आणि गरज पडली तर मागता येईल. अडचण खरी नसेल तर वेळेवर यायला सांगा आणि आलाय का ते पुढच्या आठवड्यातही बघा.

रात्री आठचं थोडक्यात. तुम्हाला तो त्याग वाटतो, खालच्या मजल्यावरून वर बघणाऱ्याला केबिनचा दिवा दिसतो आणि तो विचार करतो की मी सहाला निघालो तर बरं दिसेल का. आठवड्यातले निदान तीन दिवस वेळेवर निघा, सगळ्यांना दिसेल असं निघा.

आता एक गोष्ट, जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिली नाही, मीच काढतेय. फॉर्म फक्त कायम कर्मचाऱ्यांना होते. ग्रीनलीफ यांच्या कसोटीतला शेवटचा प्रश्न आठवा, सगळ्यात खाली कोण आहे त्याचं काय. विद्यापीठात सगळ्यात खाली कंत्राटी डेटा एंट्रीवाले आहेत, सुरक्षारक्षक आहेत, सफाईचे लोक आहेत, तासांवर शिकवणारे तात्पुरते शिक्षक आहेत, दर काही महिन्यांनी ज्यांच्या नेमणुकीचं पत्र निघतं किंवा निघत नाही. ज्यांच्या घरची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे त्यांच्यात हे लोक आहेत का? त्यांनी रजा मागितली तर काय होतं? कदाचित एजन्सीकडे बोट दाखवलं जातं आणि ते कायद्याने बरोबरही असेल. पण त्यांचं बिल कोणाच्या तरी टेबलावर थांबतं म्हणून त्यांचा पगार थांबतो, आणि ते टेबल तुमच्या अखत्यारीत आहे. हे बिल किती दिवस कुठे थांबतं एवढं एक तुम्ही शोधलंत आणि ती जागा मोकळी केलीत तर त्याचा परिणाम पुढच्या महिन्यात शेकडो घरांत दिसेल, आणि तुमच्या कायम स्टाफच्याही ते नजरेतून सुटणार नाही.

सुरुवात कशी करायची? सर्व्हेचा निकाल स्टाफसमोर ठेवा, आहे तसा. त्या बैठकीत तुम्ही बोलायचं ते दोनच मिनिटं, साधारण असं: मी स्वतःला साडेचार दिले होते, तुम्ही पावणेतीन दिलेत, मला वाईट वाटलं पण तुम्ही खरं लिहिलंत ते बरं केलंत, आणि यातल्या दोन गोष्टी मी या महिन्यात बदलणार आहे, रजेची पद्धत आणि रजिस्टर. बस. स्पष्टीकरण देऊ नका, 'तुम्हाला माहीत नाही मी किती करते' हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. त्या दिवशी कोणी फारसं बोलणार नाही, ते चालेल. कक्ष अधिकाऱ्यांशी मात्र आधी वेगळं बसा, कारण रोजचं तोंड त्यांचं असतं, कर्मचाऱ्याच्या दृष्टीने 'वरचे' म्हणजे बरेचदा तेच, आणि तुम्ही दिलेला अधिकार त्यांनी स्वतःपाशी अडवून ठेवला तर खाली काहीच पोचणार नाही.

आणखी एक सांगून ठेवते म्हणजे धक्का बसणार नाही. पुढच्या वेळी स्कोअर अजून खाली येऊ शकतो. रजिस्टर उघडं झालं, लोकांना उत्तरं मिळायला लागली की जे आजवर गप्प होते ते बोलू लागतात. तेव्हा एकूण आकडा बाजूला ठेवून ते दोनच प्रश्न बघा, सूचनेने फरक पडतो का आणि वाढ होते का.

ही सगळी चर्चा कुलसचिवांसाठी झाली, पण वाचणाऱ्यांत फॉर्म भरणारेही असणार, त्यांच्याशी दोन शब्द. असा सर्व्हे आला की रागाचा किंवा उपकाराचा एकच आकडा सगळीकडे मारू नका. गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष काय घडलं ते आठवा आणि त्यावर मार्क द्या. मोकळी जागा असेल तर एक घटना लिहा, माणसाचा स्वभाव लिहू नका, कारण 'रजा मागायला जावंसं वाटत नाही' या एका वाक्याने या ताईंना जेवढं कळू शकतं तेवढं चाळीस प्रश्नांच्या मार्कांनी कळलं नसतं. आणि ओळख उघड होईल अशी भीती असेल तर तेही लिहा की भीती वाटते, हीसुद्धा माहितीच आहे. मधल्या पदावर असाल तर वरचे कसे आहेत हे ठरवताना तुमच्या टेबलावर किती गोष्टी थांबल्यात तेही बघा.

ताई, तुम्ही जो चांगुलपणा दाखवलात तो वाया गेला असं अजिबात समजू नका, त्याच्याशिवाय कोणी तुम्हाला खरं लिहिलंच नसतं. कोणी आजारी असलं तर भेटायला जात राहा, नावं लक्षात ठेवत राहा. फक्त रजा, सही आणि उत्तर या तीन गोष्टी त्या चांगुलपणापासून वेगळ्या काढून नियमात टाका. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा, आणि लिहाल तेव्हा हे जरूर कळवा की आवक-जावकच्या टेबलावरच्या त्या गप्प माणसाने, तुमच्याकडे तो कोण असेल तो, रजा घेतली का.